ओढणीतली सेलर मून

मी दापोलीकडची, कोकणी मुसलमान. तोक्योत निशिकासाईला राहते आणि नोकरीतून वेळ काढून आवडत्या ॲनिमे पात्रांची चित्रं काढते. फॅन आर्ट म्हणजे हेच: पात्र दुसऱ्याचं, हात आपला. १९७५ पासून इथे कॉमिकेट नावाची जत्रा भरते. हल्ली ती ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरमध्ये तोक्यो बिग साइटला असते. हौशी चित्रकाराला अर्धं टेबल मिळतं, त्यावर स्वतः छापलेल्या पुस्तिका, म्हणजे दोजिनशी, मांडायच्या. त्या टेबलामागे बसून मुसलमान माणसाच्या चित्राबद्दल जे कळत गेलं, ते लिहिते आहे.

१. काळ्या कापडाने भागत नाही.

जपानी हौशी चित्रकार तपशिलाला पक्के. आगगाडीच्या डब्याचा दरवाजा कुठे उघडतो, शाळेच्या गणवेशाची गाठ कशी बसते, सगळं शोधून काढतात. तेच हात मुसलमान बाई काढायला बसले की ती एक तर नखशिखांत काळी आणि खाली मान घातलेली, नाही तर झिरझिरीत बुरख्यातली, पोट उघडं टाकून नाचणारी. पुरुष असेल तर दाढी, आणि हातात बंदूक किंवा तेलाचा पैसा. माझी नानी पातळ नेसायची, डोक्यावर पदर. अम्मी सलवार-कमीज घालते, ओढणी घेते. मी जीन्सवर हिजाब बांधते, माझी धाकटी बहीण बांधत नाही. एवढी विविधता तर आमच्या एका घरातच आहे.

२. टाचणी कुठे लागते ते आधी बघावं.

हिजाब चित्रात फसतो तो इथे. आत घट्ट टोपी असते, म्हणजे केस घसरत नाहीत. मग कापड डोक्यावरून असं घ्यायचं की एक बाजू आखूड आणि एक लांब राहील. हनुवटीखाली टाचणी, आणि लांब टोक समोरून फिरवून पलीकडच्या खांद्यावर. चुण्या सगळ्या त्या टाचणीपासून निघतात. हे पाहिलेलं नसलं की कापड गळ्याला चिकटवल्यासारखं दिसतं आणि कपाळावर बटा लोंबत राहतात.

बटा राहतात त्याला कारण आहे. ॲनिमेतलं पात्र ओळखू येतं ते केसांवरून. सेलर मूनचे दोन अंबाडे झाकले तर उरलं काय? अडचण खरी आहे. ती सोडवली मलेशिया-इंडोनेशियातल्या, पात्रांसारखा वेश करणाऱ्या मुलींनी. त्यांनी कापडाचेच केस केले. आभासी गायिका हात्सुने मिकूच्या दोन लांबलचक शेपट्या हिरव्यानिळ्या कापडात अशा घडवतात की लांबून पाहणारा क्षणात ओळखतो. मे २०२० मध्ये सेलर मूनचं एकच दृश्य जगभरातले चित्रकार आपापल्या पद्धतीने काढत होते. तेव्हा मी पिवळी ओढणी काढली, दोन्ही बाजूंना तिचेच पीळ गुंडाळून अंबाडे केले आणि मुकुट ओढणीवरून कपाळावर बसवला. सेलर मूनच होती ती.

३. अरबी अक्षरं नक्षी म्हणून वापरू नयेत.

‘जोजो’ या मांगावरून, म्हणजे जपानी कॉमिकवरून, केलेल्या ॲनिमेत खलनायक दिओ एक पुस्तक वाचताना दाखवला होता. मूळ मांगात तिथे कुराणाचा मजकूर नव्हता. ॲनिमे करताना पान खरं वाटावं म्हणून अरबी मजकूर घेतला गेला, आणि तो निघाला कुराणातला. अरब देशांत संताप उसळला. मे २००८ मध्ये शुएइशा प्रकाशनाने आणि स्टुडिओने माफी मागितली, डीव्हीडी आणि मांगाचे संबंधित खंड बाजारात पाठवणं थांबवलं. द्वेषातून केलेलं ते काम नव्हतं, हे मला पटतं. पण तो मजकूर अरबी वाचू शकणाऱ्या माणसाला दाखवून घ्यायला हवा होता. फॅन आर्टमध्ये हे अजून चालतं. सुंदर दिसतं म्हणून आयत तलवारीवर कोरतात.

४. चेहरा उसना घेतला की जबाबदारी येते.

ऑक्टोबर २०१५ मध्ये हासुमी तोशिको या चित्रकर्तीचं एक चित्र जगभर गाजलं. लेबनॉनच्या छावणीतल्या सहा वर्षांच्या सीरियन मुलीचा फोटो, सेव्ह द चिल्ड्रनसाठी काढलेला. त्यावरून चित्र केलं आणि शेजारी मजकूर असा की ही मुलगी कष्ट न करता, दुसऱ्याच्या पैशावर चैन करायला निर्वासित होते आहे. जपानमधूनच विरोध उभा राहिला, दहा हजारांहून जास्त सह्या झाल्या आणि चित्र उतरवलं गेलं. दोजिनशीच्या जगात दुसऱ्याचं चित्र गिरवणं ही चोरी मानतात, त्यावरून माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. इथे तर एका लेकराचा चेहरा गिरवला होता. मला त्याचा राग आजही येतो.

५. कागदावरच्या नजरेची किंमत कागदाबाहेर मोजणारे लोक आहेत.

२०१० मध्ये तोक्यो पोलिसांची मुसलमानांवरच्या पाळतीची कागदपत्रं फुटली. मशिदीत कोण जातं, कुणाचं कुटुंब कोणतं, अशा नोंदी त्यात होत्या, गुन्हा काहीही नसलेल्या माणसांच्या. २०१४ मध्ये न्यायालयाने फुटीबद्दल सुमारे ९ कोटी येन भरपाई दिली, पण पाळत ठेवणं गैर मानलं नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तेच कायम राहिलं. हे चित्रांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण दाढीवाला दिसला की संशय घ्यायचा, ही नजर कुठून तरी शिकलेली असते.

६. गुणी मुसलमानही नको.

चांगलं कामही जपानमध्येच झालंय. मोरी काओरूंची ‘ओतोयोमेगातारी’ ही मांगा-मालिका २००८ पासून मध्य आशियातली भरतकामं, भाकऱ्या, घोडे इतक्या मायेने काढते आहे की पान उलटवत नाही. युपेचिकाच्या ‘सातोको तो नादा’त अमेरिकेत शिकणारी जपानी मुलगी आणि तिची सौदी खोलीसोबतीण आहेत, नादा तिथे आधी मैत्रीण आहे. पण एक कथा एकोणिसाव्या शतकातली, दुसरी अमेरिकेतली. जपानात वाढलेली मुसलमान मुलगी मला क्वचितच सापडते. कोबेची मशीद १९३५ ची, तिच्या उभारणीत भारतीय व्यापाऱ्यांचा पैसा आहे, म्हणजे आम्ही काही काल आलेलो नाही.

म्हणून सध्या मी ‘हायक्यू’ या व्हॉलीबॉलच्या मांगातल्या कारासुनो शाळेच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघावर पुस्तिका काढते आहे. त्यात एक नवी खेळाडू आहे, आईवडील इंडोनेशियाचे, स्वतः सेंदाईत वाढलेली. जर्सीखाली पूर्ण बाह्यांचा बनियन, डोक्याला खेळाचा हिजाब. ती गुणी मुळीच नाही: तापट आहे, सर्व्हिस जाळ्यात मारते, उपान्त्य सामना तिच्यामुळे हरतात आणि ती कुणाशी बोलत नाही. पहिला भाग वाचून एका बाईंनी विचारलं, रमजानची माहिती एका पानावर द्यायला हवी होती ना? त्यांना मी रमजानबद्दल तिथेच टेबलाशी हवं तेवढं सांगितलं. पुस्तिकेत ते पान दुसऱ्या आवृत्तीतही घालणार नाही.