पेज घेण्याआधी सोडायची ओळ लिही

बाळ, ड्रायव्हरच्या टीममध्ये तुला घेतलं म्हणून तुझ्या आईनं लोणंदभर पेढे वाटले. पेढे संपले, आता कामाचं बोलू. डिस्क, कॅमेरा, नेटवर्क कार्ड यांच्याशी लिनक्स कर्नलची जी देवाणघेवाण चालते, तिच्यासाठी मेमरीची पेजेस लागतात. त्यात नवखी पोरं कुठं अडकतात हे माझ्या वरिष्ठांनी मला सांगितलं, तेच तुला सांगतो. पाठ करू नकोस; कोड लिहिताना वेळेवर आठवलं तरी पुष्कळ.

आधी मुळातली गोष्ट. प्रोग्रामला एक एमबीचा बफर सलग दिसतो. इंटेलच्या मशीनवर प्रत्यक्षात ती ४,०९६ बाइटची २५६ पेजेस असतात आणि रॅममध्ये कुठंही विखुरलेली असतात. कर्नल ती हलवतो, स्वॅपमध्ये टाकतो, परत आणतो. पेज टेबल बदलून ठेवतो म्हणून प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. पण डीएमए करणारं, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरीत वाचणारं-लिहिणारं कार्ड हे पेज टेबल बघत नाही. त्याला एक पत्ता दिला की ते तिथंच लिहिणार. पुण्यात सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, त्यातल्या ट्रान्सप्युटर चिपला पेजिंग नव्हतंच. तिच्या चारही लिंक थेट मेमरीत लिहायच्या आणि पायाखालचा पत्ता कधी बदलायचा नाही. आपल्या नशिबी ते सुख नाही, म्हणून एवढं सांगावं लागतं.

१. कार्डाच्या हातातलं पेज कुणाला हलवू देऊ नकोस.

लोणंदच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव तू पाहिलायस. वक्कल कुणी घेतलं ही नोंद वेगळी, आणि मापाडी वजन करत असताना पिशवीला हात लावायचा नाही हा नियम वेगळा. कर्नलमध्येही तसंच आहे. ‘गेट युजर पेजेस’नं रेफरन्स धरला की पेज मोकळं करून दुसऱ्याला देता येत नाही, एवढंच ठरतं. त्यातल्या डेटावर आत्ता कार्ड काम करतंय, हे सांगायला ‘पिन युजर पेजेस’ लागतं. जॉन हबर्ड यांनी ते २०२० च्या ५.६ आवृत्तीत आणलं. साध्या पेजला एक पिन लागली की रेफरन्सचा आकडा १ नं नाही, १,०२४ नं वाढतो; त्यावरून कर्नल ताडतो की इथं पिन असावी. डेटाला हात लागणार असेल तर पिन घे. आणि पिन केलेलं अनपिननंच सोड. ‘पुट पेज’नं सोडलंस तर १ वजा होईल, १,०२३ उरतील, आणि ते पेज मशीन रीबूट होईपर्यंत अडकून पडेल.

२. डिस्कवरून वाचणं म्हणजे मेमरीत लिहिणं.

प्रोग्रामनं ‘रीड’ म्हटलं म्हणून तू पेजेस नुसती वाचायला मागितलीस तर फसलीस. अजून न वापरलेली मेमरी कुणी वाचायला गेलं की कर्नल सगळ्यांना मिळून शून्यांनी भरलेलं एकच पेज दाखवतो. तुझ्या मागणीत लिहिण्याचा फ्लॅग नसेल तर तेच हाती येईल आणि कार्ड डिस्कवरचा डेटा त्या सामायिक पेजवर ओतेल. फ्लॅग दिलास की कर्नल आधी स्वतंत्र पेज काढून देतो. याच वाटेवरची एक रेस कंडिशन २००७ पासून कर्नलमध्ये होती. ‘डर्टी काऊ’ या नावानं ती उघड झाली २०१६ मध्ये. ज्या फाइलला फक्त वाचायची परवानगी, तिच्यात साधा युजर लिहून जाऊ शकत होता. नऊ वर्षं ती जाणकारांच्या नजरेतून निसटली. तेव्हा हा फ्लॅग दुसऱ्याच्या कोडमधून उचलू नकोस. डेटा कुठून कुठं जातोय ते कागदावर बाण काढून बघ आणि मग दे.

३. फाइलचं पेज असेल तर दुप्पट जप.

समज, मेमरीत मॅप केलेल्या फाइलच्या पेजवर कार्ड लिहितंय. राइटबॅकचा थ्रेड सहसा दर ५ सेकंदांनी उठतो आणि ३० सेकंदांहून जुनी डर्टी, म्हणजे बदललेली पण डिस्कवर न गेलेली पेजेस डिस्कवर काढतो. काढताना पेजची डर्टी खूण पुसतो आणि पेज टेबलातली लिहिण्याची परवानगीही काढून घेतो. पुढं प्रोसेसर लिहायला आला की फॉल्ट होतो आणि कर्नलला कळतं. कार्डाचं तसं नाही. ते लिहीतच राहतं, फॉल्ट होत नाही, कर्नलच्या लेखी पेज स्वच्छ. काम संपल्यावर ड्रायव्हर एकदम ते डर्टी ठरवतो, पण तोवर फाइलसिस्टिमनं त्या पेजसाठी केलेली मांडणी आवरलेली असते. ईएक्सटी-४ वर यातून कर्नल कोसळल्याचे प्रकार झाले. जान कारा यांनी २०१८ मध्ये हा प्रश्न मांडला, आणि पिनची वेगळी नोंद ठेवायची गरज त्यातून पुढं आली. तू एवढंच कर: कार्डानं लिहिलं असेल तर आधी डर्टी, मग अनपिन. दोन्ही या क्रमानं करणारं तयार फंक्शन आहे, तेच वापर.

४. किती वेळ धरणार ते आधी सांग.

डायरेक्ट आय-ओमध्ये पिन काही मिलिसेकंद राहते. आरडीएमए किंवा आयओ-यूरिंगचे रजिस्टर केलेले बफर दिवसचे दिवस धरून बसतात. तिथं ‘लाँगटर्म’ फ्लॅग देणं भाग आहे. तो दिला की कर्नल पेज सीएमएसारख्या राखीव भागातून आधी बाहेर हलवतो आणि मग पिन लावतो. नाहीतर कॅमेऱ्याला सलग मेमरी हवी असेल तेव्हा तुझं एक पेज मधोमध ठाण मांडून बसलेलं असेल.

५. मॅप केलंस की अनमॅप होईपर्यंत हात लावू नकोस.

कार्डाला पत्ता द्यायचा तो डीएमए मॅपिंग करून, आणि मॅपिंगची चूक तपासून. जुनं कार्ड ४ जीबीच्या पलीकडं पोचत नसेल तर कर्नल मधे बाउन्स बफर घालतो. त्यातला डेटा तुझ्या पेजमध्ये येतो तो अनमॅप किंवा सिंक केल्यावरच. त्याआधी वाचलंस तर जुना कचरा मिळेल. गंमत म्हणजे तुझ्या लॅपटॉपवर ही चूक दिसणारही नाही. ग्राहकाच्या मशीनवर दिसेल. स्टॅकवरचा बफर तर कार्डाला देऊच नकोस. २०१६ च्या ४.९ आवृत्तीपासून स्टॅक अशा मेमरीत असू शकतो जिची पेजेस रॅममध्ये सलग नसतात.

६. तंगीत मेमरी मागायला जाऊ नकोस.

मेमरी संपत आली की कर्नल डर्टी पेजेस डिस्कवर काढून जागा करतो. ते काढायचं काम तुझ्याच ड्रायव्हरकडं येतं. त्या वाटेत तू साधी ‘जीएफपी कर्नल’ मागणी केलीस तर ती मेमरी मोकळी व्हायची वाट बघेल, आणि मेमरी तुझी वाट बघेल. मशीन तिथंच गोठतं. या वाटेवर ‘जीएफपी नो-आयओ’ वापर आणि थोडी मेमरी मेमपूलमध्ये आधीच बाजूला काढून ठेव.

७. मागितली तेवढी नाही, मिळाली तेवढी सोड.

२५६ पेजेस मागितलीस आणि १८० मिळाली, असं होतं. फंक्शन चूक सांगत नाही, आकडा सांगतं. तेव्हा १८० अनपिन कर आणि चूक वर कळव. ही वाट कुणी तपासत नाही आणि गळती इथंच असते. ती पकडायची रीत सोपी आहे: ‘प्रॉक’खालच्या ‘व्हीएमस्टॅट’मध्ये पिन किती घेतल्या आणि किती सोडल्या, असे दोन आकडे मिळतात. ड्रायव्हर चालव, मधेच प्रोग्राम मारून टाक, मशीन निवांत होऊ दे आणि दोन्ही बघ. सारखे असतील तर ठीक. घेतलेल्यांचा आकडा पुढं असेल तर फरक तुझ्याच एखाद्या चुकीच्या वाटेवर राहिलाय.

कोड रिव्ह्यूला पाठवण्याआधी प्रत्येक पिनसमोर तीन उत्तरं लिहून ठेव: कार्ड वाचणार की लिहिणार, किती वेळ धरणार, आणि काम फसलं तर कोणती ओळ सोडणार. तिसऱ्याचं उत्तर लिहिता येत नसेल तर पॅच पाठवू नकोस. मॅनेजर कितीही घाई करू दे.