‘योद्धा’ या शब्दाचा भार : महामारीतील आरोग्यसेवक आणि विषादाची भाषा

कोरोना महामारीने मराठी लोकव्यवहारात ‘कोरोनायोद्धा’ हा शब्द रूढ केला. डॉक्टर, परिचारिका, आशा स्वयंसेविका, सफाई कामगार या सर्वांना तो सरसकट लावला गेला. 22 मार्च 2020 रोजी त्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या. 3 मे रोजी रुग्णालयांवर पुष्पवृष्टी झाली. या गौरवामागील सद्भाव निर्विवाद आहे. मात्र या रूपकाने आरोग्यसेवकाच्या बोलण्याला वाव दिला की त्याला मूक केले, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारणे आवश्यक आहे.

रूढ कल्पनेतील योद्धा थकत नाही, भीत नाही आणि मोबदलाही मागत नाही. वऱ्हाडचा अनुभव वेगळा आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये साथ ओसरल्याचा समज सर्वत्र दृढ होत असतानाच अमरावती व अकोला जिल्ह्यांत रुग्णसंख्या झपाट्याने वाढली. 22 फेब्रुवारीपासून अमरावती शहरात व अचलपुरात पुन्हा टाळेबंदी आली. पहिल्या लाटेचा शीण उतरण्यापूर्वीच येथील आरोग्यसेवकांना दुसरी लाट अंगावर घ्यावी लागली. त्याच वर्षी 15 जूनपासून राज्यभरातील आशा मानधनवाढीसह विविध मागण्यांसाठी संपावर गेल्या. दरमहा 1,000 रुपयांची वाढ व 500 रुपये कोविड भत्ता मान्य झाल्यावर संप मिटला. कालपर्यंत ज्यांना ‘योद्धा’ म्हटले, त्यांना ‘स्वयंसेविका’ या पदनामामुळे वेतनाचा हक्क नव्हता, हा शब्दांतील विरोध बोलका आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची तीन लक्षणे नोंदविली : शक्तिपात, कामाविषयी दुरावा आणि कार्यक्षमता घटल्याची भावना. तो आजार नसून कामाच्या परिस्थितीतून उद्भवणारी अवस्था आहे, असेही तिने स्पष्ट केले. परंतु ही अवस्था बोलीत याच नावांनी येत नाही. वऱ्हाडी बाई ‘कदरून गेली’ म्हणते, ‘भेव लागते’ म्हणते. डोळ्याला डोळा लागत नाही, घास उतरत नाही, असे सांगते. ‘नैराश्य’ व ‘चिंता’ हे शब्द शोधणाऱ्या प्रश्नावलीतून हे बोल सहज निसटतात. शरीराची तक्रार म्हणून त्यांची नोंद होते. मनाची गोष्ट मागेच राहते.

या संदर्भात अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांचे कार्य उल्लेखनीय आहे. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी व्हिएतनाम युद्धातील सैनिकांच्या व्यथेचा अर्थ होमरच्या ‘इलियड’च्या आधारे लावला. ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा त्यांनीच न्याय्य गोष्टीशी प्रतारणा केली, की सैनिकाच्या मनाला ‘नैतिक जखम’ होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अपुऱ्या साधनांनिशी रुग्णांपुढे उभे केलेल्या आरोग्यसेवकांच्या बाबतीतही पुढे हीच संज्ञा वापरली गेली.

आपल्या परंपरेतही असा आधार आहे. शके 1212 मधील ‘ज्ञानेश्वरी’चा आरंभच एका योद्ध्याच्या विषादाने होतो. अर्जुनाचे गात्र शिथिल होते, तोंडाला कोरड पडते, धनुष्य हातातून गळते. येथेही मनाची व्यथा शरीराच्याच भाषेत व्यक्त होते. विशेष म्हणजे तो हे सारे बोलतो, आणि ऐकणारा त्याच्या रथावरच आहे. श्रीकृष्ण त्याला आरंभी खडसावतो, हे खरे. परंतु नंतर त्याच्या प्रत्येक शंकेला उत्तर देतो आणि अखेरीस निर्णय त्याच्यावरच सोपवितो. आपण आरोग्यसेवकांना अर्जुनाचे शौर्य बहाल केले, पण त्याचा विषाद नाकारला. रथावरचा श्रोताही दिला नाही. मनोबल हा केवळ व्यक्तीचा गुण नव्हे. बोलण्याची मुभा, ऐकणारा माणूस, विश्रांती आणि न्याय्य मोबदला यांवर ते टिकते.

म्हणून अमरावती-अकोल्यातील परिचारिका, आशा व सफाई कामगार यांची मौखिक निवेदने त्यांच्या संमतीने, नावे गुप्त राखून व बोलीचे प्रमाणीकरण न करता संकलित करणे, हे या भागातील मराठी विभागांचे कर्तव्य ठरते. ‘कदरून गेली’च्या जागी ‘थकली’ लिहिले, तर आपणही तिचे ऐकले नाही, असेच म्हणावे लागेल.