चालू आहे ना, मग राहू दे!

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत मेंटेनन्स सांभाळताना एक गोष्ट मी कायम पाहत आलो. सीएनसी मशीनसाठी शेठ बिनदिक्कत कर्ज काढतात, पण गेटवरचा कॅमेरा बदलू या म्हटलं की उत्तर ठरलेलं, "चालू आहे ना, मग राहू दे!"

याला लोक चिक्कूपणा म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. मशीन बंद पडलं की शिफ्ट थांबते आणि तासाभरात मालकाचा फोन येतो. कॅमेरा आंधळा झाला तरी सिक्युरिटी केबिनमधल्या टीव्हीवर चित्र हलतच असतं. त्याची खरी परीक्षा चोरीनंतर होते.

आमच्याकडे भंगाराच्या टेम्पोतून चांगले पितळी पार्ट बाहेर गेले. स्टॉक जुळेना म्हणून रेकॉर्डिंग काढलं. टेम्पो दिसला, पण नंबरप्लेटच्या जागी हेडलाइटचा नुसता पांढरा झोत. त्यात डीव्हीआरचं घड्याळ मागे पडलेलं, त्यामुळे गेटपासच्या रजिस्टरशी वेळ जुळेना. जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साधारणपणे ७०४ बाय ५७६ पिक्सेलचं असतं. फुल एचडीत १९२० बाय १०८०, म्हणजे पाचपट तपशील. मग लगेच बदलायला काय हरकत होती?

हरकत होती शेजारच्या युनिटची. त्यांनी आमच्या आधीच सोळा आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारे, कॅमेरे बसवले होते, आणि त्यांचा पश्चात्ताप चहाच्या टपरीवर रोज ऐकू यायचा. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४ एमबीपीएसने चोवीस तास रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाला सुमारे ४३ जीबी लागतात. सोळा कॅमेरे आणि तीस दिवस धरले तर हिशेब २० टीबीच्या वर जातो. कोटेशनमध्ये होती ४ टीबीची एक डिस्क! ती सहाव्या दिवशी भरायची आणि जुनं रेकॉर्डिंग पुसलं जायचं. माल कमी असल्याचं कळायचं महिनाअखेरीच्या मोजणीत. एच.२६५ कॉम्प्रेशन वापरलं तर जागा साधारण निम्मी लागते, तरी ४ टीबीत महिना बसत नाहीच. शेजाऱ्याचा असा पोळलेला हात पाहिला की पुढचे दहा कारखाने थांबतात. उद्योग नव्याला बिचकतात असं म्हणणाऱ्यांनी आधी ही कोटेशनं वाचावीत.

दुसरी अडचण केबलची. जुनी कोॲक्स केबल दोन-अडीचशे मीटर सहज जाते, आयपी कॅमेऱ्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर. लांब शेडमध्ये मधे स्विच बसवावा लागतो. त्याला वीज हवी, धुळीपासून बंद पेटी हवी, नीट अर्थिंग हवं. वरून क्रेन फिरत असते, म्हणून हे काम गुरुवारच्या सुट्टीतच करता येतं. हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत दिसत नाही, बिलात दिसतो.

यावर मधला मार्ग आहे. एचडी-सीव्हीआय, टीव्हीआय किंवा एएचडी प्रकारचे कॅमेरे जुन्याच कोॲक्सवर फुल एचडी देतात. केबल सुस्थितीत असेल तर शेडमध्ये हेच बसवा आणि आयपीचा खर्च गेट, वजनकाटा, स्टोअर एवढ्यापुरता ठेवा. नंबरप्लेटसाठी वेगळा कॅमेरा, कमी उंचीवर, वेगवान शटरचा घ्या. हेडलाइटचा झोत नुसत्या मेगापिक्सेलने जात नाही.

आयटीवाले कॅमेरे ऑफिसच्या नेटवर्कवर घेऊ देत नाहीत, म्हणून त्यांना शिव्या खाव्या लागतात. माझ्या मते ते बरोबर आहेत. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं ठेवा, पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आपल्याकडे ९ एप्रिल २०२५ पासून इंटरनेटला जोडता येणाऱ्या कॅमेऱ्यांना सरकारमान्य प्रयोगशाळेतली सुरक्षा चाचणी सक्तीची आहे. स्वस्तात जुना साठा गळ्यात मारायला कोणी आलं, तर त्या मॉडेलचं प्रमाणपत्र मागा.

पुराव्याचंही बघा. जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं, की इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र जोडावंच लागतं. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे आणि त्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळायचा कोडही, लिहावी लागते. ही प्रत कोण काढणार आणि सही कोण करणार, हे चोरीआधी ठरवा.

एक कारण मात्र कुठल्याच मीटिंगमध्ये निघत नाही. काही खात्यांना स्पष्ट दिसणं नकोच असतं. जुन्या धूसर चित्राच्या आडोशाला कोण सुखात आहे, ते शेठनी स्वतः शोधावं.

ऑर्डर देण्यापूर्वी एक कॅमेरा ट्रायलवर मागा. तुमच्याच गेटवर, रात्रपाळीत, हेडलाइट लावलेल्या टेम्पोचं रेकॉर्डिंग पाहा आणि तीस दिवसांच्या साठवणीचा हिशेब लेखी घ्या. विक्रेता तयार नसेल तर दुसरा बोलवा, बाजारात खूप आहेत.