आकाशातून उडी : छंद एकाचा, विचार घरादाराचा

गेल्या काही वर्षांत दवाखान्यात एक नवीनच मागणी येऊ लागली आहे. "डॉक्टर, तेवढं फिटनेस सर्टिफिकेट द्या, स्कायडायव्हिंगला जायचंय." मागणारे बहुधा पंचविशी-तिशीतले, क्वचित पन्नाशीचे गृहस्थही असतात. मग दोन दिवसांनी त्यांची आई किंवा पत्नी येते आणि हळूच म्हणते, "तुम्हीच नाही म्हणा ना, तुमचं ऐकतील." प्रश्न दोघांचेही रास्त आहेत. म्हणून आज या विषयाचा आरोग्याच्या आणि संसाराच्या अशा दोन्ही अंगांनी विचार करू.

स्कायडायव्हिंग म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे तीन गोष्टींची गल्लत होते. किनाऱ्यावर बोटीला दोर बांधून पॅराशूटने वर ओढतात, ते पॅरासेलिंग. कामशेत-पाचगणीला डोंगराच्या उतारावरून धावत जाऊन तरंगतात, ते पॅराग्लायडिंग. स्कायडायव्हिंगमध्ये मात्र चक्क विमानातून उडी मारायची असते. हौशी माणूस पहिल्यांदा 'टँडम' उडी घेतो, म्हणजे पट्ट्यांनी प्रशिक्षकाच्या पुढे बांधलेला असतो. विमान साधारण १० ते १३ हजार फुटांवर जाते. उडीनंतर सुमारे ४५ ते ५० सेकंद दोघे ताशी १९० ते २०० किलोमीटर वेगाने खाली येतात. पाच हजार फुटांच्या आसपास पॅराशूट उघडते आणि पुढची पाच-सहा मिनिटे संथपणे तरंगत जमिनीवर उतरायचे.

हे सारे परदेशातच चालते असे नाही. हरियाणात नारनौलजवळ हौशी लोकांना अशा उड्या घेता आल्या आहेत, तर मध्य प्रदेशात उज्जैनला अलीकडच्या वर्षांत स्कायडायव्हिंगचा उत्सव भरला आहे. आणि पुण्याच्या शीतल महाजन यांचे नाव तर सर्वांना ठाऊक आहे. २००४ मध्ये त्यांनी उत्तर ध्रुवावर, २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर उडी घेतली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे जुळ्या मुलांच्या आई झाल्यावरही त्यांनी उड्या सोडल्या नाहीत. २०१८ मध्ये थायलंडला त्यांनी नऊवारी नेसून उडी घेतली. संसार आणि हा छंद एकत्र नांदू शकतात, याचे हे आपल्या घरचेच उदाहरण. मात्र त्यामागची वर्षानुवर्षांची शिस्त आपण विसरू नये.

शरीरात काय घडते?

१३ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो, म्हणजे प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. निरोगी माणसाला थोडा वेळ हे सोसते. पंडुरोगी, दमेकरी किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला सोसेलच असे नाही. वर थंडीही असते. जमिनीवर ३० अंश तापमान असले तर तिथे पाच-सहा अंश.

दुसरी गोष्ट कानाची. कानाच्या पडद्यामागच्या पोकळीतून एक बारीक नळी घशाच्या वरच्या भागात उघडते. बाहेरचा दाब बदलला की याच नळीवाटे आतला दाब सारखा होतो. घाट उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते यामुळेच. सर्दी-पडशाने ही नळी सुजून बंद झाली असेल आणि माणूस मिनिटाभरात आठ हजार फूट खाली आला, तर कानात भयंकर कळ येते. कधी पडदाही फाटतो. म्हणून सर्दी असताना उडी नाही म्हणजे नाही. सर्दीची गोळी घेऊन जाणेही बरे नव्हे, कारण यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते.

तिसरी गोष्ट भीतीची. विमानाचे दार उघडताच अ‍ॅड्रेनलिन रक्तात उसळते, नाडी धावू लागते, रक्तदाब वाढतो. तरुण हृदयाला याचे काही वाटत नाही. पण ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत आणि ज्याला त्याचा पत्ताच नाही, अशा पन्नाशीच्या माणसाला हा ताण महागात पडू शकतो.

कोणी उडी घेऊ नये?

१. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, आकडी किंवा वारंवार भोवळ येत असल्यास.

२. गरोदर स्त्रियांनी, मग महिना कितवाही असो.

३. मणक्याची चकती सरकलेल्यांनी, हाडे ठिसूळ झालेल्यांनी आणि नुकतेच हाड मोडलेल्यांनी. उतरतानाच्या हिसक्याने घोटा आणि कणा यांनाच जास्त इजा होते.

४. ज्यांचा खांदा पूर्वी निखळला आहे त्यांनी. वाऱ्याच्या झोताने तो हवेतच पुन्हा निखळू शकतो.

५. नेत्रपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल त्यांनी. उंचीवर तो वायू फुगतो आणि दृष्टी जाण्याची भीती असते.

६. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय.

७. तारकर्ली-मालवणला स्कूबा करून आलेल्यांनी निदान २४ तास थांबावे. रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो.

याशिवाय वजनाची मर्यादा असते, ती बहुतेक ठिकाणी १०० किलोच्या आसपास. वयही बहुधा १८ पूर्ण लागते. मद्यपान करून उडी घेणे हा तर वेडेपणाच.

धोका कितपत आहे?

अमेरिकेतील पॅराशूट संघटनेच्या नोंदीनुसार २०२३ साली तेथे सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि त्यांत १० जण दगावले. १९७०च्या दशकात याच देशात दरवर्षी सरासरी ४० हून अधिक मृत्यू होत. हा फरक राखीव पॅराशूट, उंची ओळखून आपोआप पॅराशूट उघडणारे यंत्र आणि कडक प्रशिक्षण यांमुळे पडला. म्हणजे सुरक्षितता दैवाने नव्हे, शिस्तीने येते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारा : प्रशिक्षकाचा परवाना कोणता? त्याच्या उड्या किती झाल्या? राखीव पॅराशूट आणि ते यंत्र आहे का? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी आहे का? उत्तर द्यायला जो कंटाळतो, त्याच्याशी स्वतःला बांधून घेऊ नये.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०२२ साली आपल्या देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा रस्त्यावर बळी गेला. या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही हे खरे. पण एका उडीवरून घरात आठवडाभर वाद घालणारे आपण, रोज मुलाला हेल्मेटविना मोटारसायकलची किल्ली देतो, याचाही विचार व्हावा.

घरच्यांचे काय?

माझ्या अनुभवाने, या छंदातला आरोग्याला सर्वांत घातक भाग म्हणजे लपवालपवी. माझ्याकडच्या एका चाळिशीच्या गृहस्थांनी घरी "ऑफिसच्या कामाला दिल्लीला जातो" असे सांगितले होते आणि तेथल्या अर्जावर 'रक्तदाब नाही' असे लिहिण्याचाही त्यांचा बेत होता. गोळी तर रोज पत्नीच हातावर ठेवत असे. तिला विचारले असते, तर तिने आधी रक्तदाब तपासायला लावला असता. तपासला तेव्हा तो १७० वर १०५ निघाला. तीन महिन्यांच्या औषध-पथ्यानंतर, पत्नीला सोबत घेऊन ते सुखरूप जाऊन आले.

उडी मारणाऱ्याची भीती मिनिटभराची, पण खाली उभ्या असलेल्यांची दिवसभराची. तेव्हा काही गोष्टी घरात बसूनच ठरवाव्यात. पैसे भरण्याआधी घरी सांगावे. अर्जावरचे आजारांचे प्रश्न पत्नीला किंवा आईला शेजारी बसवून भरावेत. आपण विसरलेले दुखणे त्यांना आठवते. विम्याचे कागद वाचावेत. आरोग्य विम्यात व्यावसायिक म्हणून केलेल्या साहसी खेळांतल्या दुखापतींचा खर्च सहसा वगळलेला असतो. अपघात विम्याच्या अटी निरनिराळ्या असतात आणि आयुर्विम्याच्या अर्जात असा छंद विचारल्यास लपवू नये. वारसाचे नाव लावले आहे का तेही पाहावे. हे अशुभ नव्हे, व्यवहार आहे.

एका उडीची हौस वेगळी आणि कायमचा छंद वेगळा. परवान्यासाठीच अमेरिकेत किमान २५ उड्या लागतात. म्हणजे पैसा, रजा आणि रविवार, तिन्ही खर्ची पडतात. घरात बाळंतपण, मोठे कर्ज किंवा एखाद्याचे आजारपण असेल तर छंदाला विश्रांती द्यावी. तो सोडावा लागत नाही, पुढे ढकलता येतो.

घरच्यांनीही दोन पथ्ये पाळावीत. "तुला आमची काळजी नाही" असे म्हणून अबोला धरू नये. त्याने छंद थांबत नाही, फक्त सांगणे थांबते. आणि मित्रांच्या चिडवण्याने किंवा मोबाइलवरच्या चित्रफितीसाठी कोणाला उडी घ्यायला लावू नये. विमानाच्या दारात आलेल्यालाही "नको" म्हणण्याचा हक्क असतो आणि तो भित्रेपणा नव्हे.

उडीनंतर

मांड्यांवर पट्ट्यांचे वळ, थोडे अंग दुखणे, एक-दोन दिवस थकवा, याने घाबरू नये. परंतु कानातून रक्त किंवा पाणी येणे, ऐकू कमी येणे, चक्कर येत राहणे, पायावर भार न देता येणे, पाठीत दुखून पायाला मुंग्या येणे किंवा छातीत दुखणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि उडी घेतल्याचे स्पष्ट सांगावे.

राहता राहिला सर्टिफिकेटचा प्रश्न. ते कागदाच्या तुकड्यासाठी मागू नये. रक्तदाब, साखर, कान, चाळिशीनंतर हृदयाचा आलेख आणि गरज वाटल्यास ताणचाचणी एवढे करूनच ते घ्यावे. उडी झाली नाही तरी तपासणी वाया जात नाही. कित्येकांचा लपलेला रक्तदाब आणि मधुमेह अशाच निमित्ताने सापडतो, आणि त्याचा उपयोग पुढची तीस वर्षे घराला होतो.