हाताचे मोल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडाच्या गिरण्या एकामागून एक उभ्या राहिल्या. पहाटे भोंगा होई आणि चाळीचाळींतून माणसांचे लोंढे गिरणीच्या दरवाजाकडे वाहू लागत. कोकणातून आणि घाटावरून आलेली ही माणसे नांगराला आणि कोयत्याला सरावलेली होती. यंत्र त्यांना नवे होते. बैल थकला की थांबतो, हाक मारली की वळतो. छताशी गरगरणाऱ्या शाफ्टवरून खाली उतरणाऱ्या चामडी पट्ट्याला मात्र सूत कोणते आणि माणसाचा हात कोणता, हे कळत नसे. पट्ट्यात सदऱ्याची बाही सापडे, दातेरी चक्रांत बोटे जात, मागावरून निसटलेला धोटा डोळ्यावर आदळे.

असा अपघात झाला म्हणजे जखमी कामगाराला उचलून बाजूला नेत आणि त्याच्या जागी दुसरा माणूस उभा करीत. काम मागणारे दरवाजाशी नेहमीच ताटकळत असत. काम सुटले की पगारही सुटे. हात गमावलेला माणूस आपल्या दैवाला दोष देत गावची वाट धरी. कामगार दगावल्यास त्याच्या वारसांना मालकावर दावा लावण्याची सोय १८५५ च्या एका कायद्याने झाली होती खरी. परंतु त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागे. वकिलाला पैसे कोठून द्यावेत? आणि साक्ष कोणी द्यावी? ज्यांनी अपघात डोळ्यांनी पाहिला, त्यांची चूलही त्याच मालकाच्या पगारावर पेटत होती.

१८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. धोक्याच्या यंत्रांभोवती कठडे घालावेत, अपघाताची वर्दी द्यावी, असे त्याने सांगितले. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये, बारा वर्षांखालील मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, असेही त्यात होते. म्हणजे आज जी मुले दुसरी-तिसरीच्या वर्गात बसतात, त्यांच्या वयाची मुले नऊ तास यंत्राशी उभी राहत, आणि तीही कायद्याच्या संमतीने! जखमी झालेल्याने पुढे काय खावे, याविषयी मात्र हा कायदा मुका होता.

ही उणीव नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ध्यानात आली. लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते. स्वतः गिरणीत नोकरी केलेली असल्याने तेथील हाल त्यांना ठाऊक होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या व सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, या मागण्या त्यात होत्या. त्यांच्याबरोबरच आणखी एक मागणी होती : कामावर गंभीर इजा झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. त्याच वर्षी जर्मनीने कामगारांसाठी अपघात विम्याचा कायदा केला होता. मुंबईतील गिरणी कामगार मागत होते ते काही जगावेगळे नव्हते.

लोखंडे १८९७ साली प्लेगने वारले. रविवारची सुट्टी त्यांनी पाहिली. भरपाईचा कायदा त्यांना पाहता आला नाही. तो १९२३ साली संमत झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. या कायद्याने एक जुनी अडचण दूर केली. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली, एवढे दाखविले की पुरे. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही. कामगार दारूच्या नशेत असला किंवा त्याने यंत्राचा कठडा जाणूनबुजून काढला असला, तर मालक भरपाई नाकारू शके. परंतु अपघातात मृत्यू आला असेल, तर ही सबबही चालत नसे.

भरपाई किती द्यावी, हे कोष्टकावरून ठरते. पूर्ण अंगठा गेला तर कमाईची शक्ती शेकडा ३० ने घटली असे धरतात. तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२, करंगळीला ७. दोन्ही हात गेल्यास १००. समजा, चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या, दरमहा १२,००० रुपये मिळविणाऱ्या कामगाराचा अंगठा तुटला. पगाराचे शेकडा ६० म्हणजे ७,२०० रुपये; त्यास त्या वयाच्या १८४.१७ या अंकाने गुणावे. येतात १३,२६,०२४ रुपये. त्यांचे शेकडा ३० म्हणजे सुमारे ३,९७,८०७ रुपये. वय कमी असेल तर हा अंक मोठा असतो, कारण तरुणाच्या कमाईची अधिक वर्षे बुडतात. माणसाच्या बोटांची अशी किंमत मांडणे कठोर वाटते. पण कोष्टक नव्हते तेव्हा मालक देईल ती किंमत होती, आणि ती बहुधा शून्य असे.

मृत कामगाराची भरपाई मालकाने परस्पर घरच्यांच्या हाती देऊ नये, ती आयुक्तांकडे भरावी, असाही नियम या कायद्यात घातला गेला. निरक्षर विधवेचा कागदावर अंगठा उठवून थोडक्या रकमेत तिची बोळवण करणे त्यामुळे कठीण झाले.

पुढे १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला आणि अनेक कारखान्यांतील कामगारांची जबाबदारी विम्याकडे गेली. १९२३ च्या कायद्यातील तरतुदी संसदेने २०२० साली सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या.

मुंबईच्या बहुतेक गिरण्या आता बंद पडल्या आहेत. त्यांच्या जागी उंच इमारती उठल्या. त्या बांधणाऱ्या मजुराची नेमणूक ठेकेदाराकडून झालेली असते व हजेरीपटावर त्याचे नाव पुष्कळदा नसतेच. तो पराचीवरून पडला म्हणजे ‘हा आमचा माणूस नव्हे’ असे ठेकेदार सांगतो. ठेकेदार हात वर करील, हे कायदा करणाऱ्यांनी १९२३ सालीच ओळखले होते. अशा मजुराला मुख्य मालकाकडून भरपाई मागता येते. मालकाने ती मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. मात्र तो मजूर त्या दिवशी तेथे कामावर होता, हे सांगायला त्याच्या सोबत्यांपैकी कोणीतरी आयुक्तांसमोर उभे राहावे लागते.