गुडघेदुखी, ड जीवनसत्त्व आणि आपलं ताट



गेल्या वर्षी दिवाळीआधीची आमच्या ग्रामसंघाची बैठक. हप्ते लिहून झाले, सह्या झाल्या. उठायची वेळ आली तेव्हा निम्म्या जणी जमिनीला हात टेकून "आई गं" म्हणतच उठल्या. एका मावशींना तर दोघींनी धरून उठवलं. त्यांनी पिशवीतून रिपोर्ट काढला. ड जीवनसत्त्व ११. वीसच्या खाली गेलं की कमी समजतात. डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी पावडरची पुडी लिहून दिली होती. मावशींनी दोन घेतल्या आणि बाकीच्या डब्यात ठेवून दिल्या. शेजारणीनं सांगितलं होतं, पुड्या गरम पडतात, नाचणीची आंबील पी, सगळं भरून निघेल.

"ताई, खाण्यानं होईल का नाही ते सांगा. औषध नकोच वाटतं बघा."

आपल्यातल्या कितीजणींच्या मनात हेच असतं. म्हणून हा पाठ.

हाडाला कॅल्शियम लागतं आणि पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं. घर बांधायचं तर विटा हव्यात आणि गवंडीही हवा, तसंच हे. नाचणी विटा भरपूर आणते, पण गवंडी आणत नाही. नाचणीत ड जीवनसत्त्व नसतंच.

मग ते कशात असतं? अंड्याच्या बलकात, बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशांत. पण हिशेब करा. मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट लागतात आणि एका अंड्यात साधारण ४० मिळतात. म्हणजे रोज १५ अंडी! कोण खाणार आणि कुणाला परवडणार? ज्या गटांत धिंगरी अळिंबी करतात त्यांनी एक करावं. अळिंबी शिजवण्याआधी किंवा वाळवताना थेट उन्हात ठेवावी, तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. पाकिटबंद दूध किंवा तेलावर '+एफ' असं चिन्ह असेल तर त्यातूनही थोडी भर पडते. पण मुख्य ड जीवनसत्त्व मिळतं ते अंगावर पडणाऱ्या उन्हातूनच.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर जन्मभर उन्हातच. खरं आहे. पण शेतात जाताना आपण साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालतो, डोक्याला-तोंडाला रुमाल बांधतो. ऊन कपड्याला लागतं, कातडीला नाही. सकाळचं कोवळं ऊनही यासाठी पुरत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते त्या वेळचं ऊन लागतं. दहा-अकराच्या पुढे, हात कोपराच्या वरपर्यंत आणि पाय पोटऱ्यांपर्यंत उघडे ठेवून वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस. हिवाळ्यात शेंगा फोडायला, तांदूळ निवडायला अंगणातच बसा. चैत्र-वैशाखात मात्र वेळ कमी करा आणि डोकं झाका, ऊन बाधायला नको.

आता विटांचं, म्हणजे कॅल्शियमचं. इथे मात्र आपलं ताट खरंच कामाला येतं. दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठाच्या भाकरींतून साधारण साडेतीनशे मिळतं, पेलाभर दुधातून सव्वादोनशेच्या वर, दोन चमचे तिळातून दीडशे ते दोनशे, शेवग्याच्या पाल्याच्या भाजीतून दीडशेच्या आसपास. झालेच की नऊशे! नाचणी भिजवून मोड आणून दळली तर जास्त अंगी लागते. पालकात कॅल्शियम दिसायला बरंच असतं, पण ते शरीराला फारसं मिळत नाही. त्यापेक्षा परसबागेतला शेवगा बरा. सुकट, मांदेली काट्यासकट खाणाऱ्यांना तर वेगळं सांगायलाच नको. मूतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुधाबद्दल जरा बोलतेच. म्हैस आपण सांभाळायची, दूध डेअरीला आणि आपल्या वाट्याला चहापुरतं. दूध उरत नसेल तर ताक तरी सोडू नका. लोणी काढलं तरी कॅल्शियम ताकातच राहतं, तुपात नाही.

आणि प्रत्येक दुखणं ड जीवनसत्त्वाचंच असतं असं नाही. ड फार कमी झालं की हाडं मऊ पडतात. नडगी दाबली तरी दुखते, मांड्यांत जोर राहत नाही, जमिनीवरून उठवत नाही. वयानं आणि वजनानं गुडघा झिजतो ते वेगळं. ती झीज नाचणीनंही भरत नाही आणि पुडीनंही नाही. तिथे वजन थोडं उतरवणं आणि मांडीचा व्यायाम यांचा उपयोग होतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा अंक मोजायचे, खाली घ्यायचा. आणि सकाळी उठल्यावर तासाभरापेक्षा जास्त वेळ बोटं आखडत असतील, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्यात घरगुती उपायांत महिने घालवू नका, बोटं वाकडी होतात. लगेच डॉक्टरांकडे जा.

तेव्हा रिपोर्ट ११ आला असेल तर खाण्यानं भागत नाही. पुड्या पूर्ण करायच्या आणि ताटही सुधारायचं. पण आठवड्याची पुडी रोज घेऊ नका! ती ६० हजार युनिटची असते. लवकर बरं वाटावं म्हणून रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या होतात, किडनीवर परिणाम होतो. दुकानातून परस्पर आणूनही घेऊ नका.

मावशींनी डॉक्टरांना विचारून पुड्या पुन्हा सुरू केल्या. दुपारी अंगणात बसू लागल्या, ताकाचा तांब्या घरात ठेवू लागल्या. फेब्रुवारीच्या बैठकीत एकच हात टेकून उठल्या. गुडघा अजून कुरकुरतो, पायऱ्या नको म्हणतात. पण आता त्यांना उठवायला दोघी लागत नाहीत.