तळहातांच्या घामावर ऑपरेशन? जरा थांबा

उत्तरपत्रिकेवर हाताखाली रुमाल, आधारच्या मशिनवर न उमटणारा अंगठा, कुणी हात पुढे केला की पँटला पुसून घेतलेला आपला हात. ज्यांना हे रोजचं आहे त्यांना ‘टेन्शन घेऊ नकोस’ सांगून काहीही होत नाही. इथे घामाच्या ग्रंथींना हुकूम देणाऱ्या सिंपथेटिक नसाच जास्त काम करत असतात. त्रास बहुधा शाळकरी वयात सुरू होतो, घरात आणखी कुणाला असू शकतो, आणि झोपेत हात कोरडे असतात. घाम मोठेपणी नव्याने, सर्वांगाला किंवा रात्री येत असेल तर मात्र थायरॉइड, साखर, क्षयरोग आणि चालू औषधं आधी तपासा.

ऑपरेशनमध्ये पूर्ण भूल देऊन काखेजवळच्या लहान छिद्रांतून छातीत दुर्बीण घालतात. मणक्यालगतची सिंपथेटिक साखळी तिसऱ्या किंवा चौथ्या बरगडीपाशी कापतात, नाहीतर क्लिपने दाबतात. हात टेबलावरच कोरडे होतात! म्हणूनच ‘लग्नाआधी हिचं एकदाचं करून टाका’ म्हणत पालक येतात.

मी त्यांना पाठीबद्दल विचारते. कारण हात सुकले की पाठ, पोट, मांड्या जास्त भिजू लागतात. बहुतेकांना ते चालवून घेता येतं. काहींना दिवसातून दोन-तीनदा कपडे बदलावे लागतात, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते किती जाचक होतं हे वेगळं सांगायला नको. कुणाच्या वाट्याला किती येईल ते आधी कळत नाही. क्लिप काढली तरी सगळं पूर्ववत होईलच असं नाही. साखळी जितकी वर कापावी तितका हा धोका जास्त, आणि चेहऱ्यासाठी ती आणखी वर कापावी लागते, म्हणून नुसत्या चेहऱ्याच्या घामासाठी मी हे ऑपरेशन सुचवत नाही. साखळीतल्या वरच्या मज्जातंतूंच्या गाठीला इजा झाली तर पापणीही खाली झुकते.

काखेसाठी छातीत शिरायची गरजच नाही. तिथल्या ग्रंथी जागेवरच भूल देऊन खरवडून किंवा शोषून काढता येतात. तळपायांसाठी पोटातली साखळी कापतात, पण पुरुषांमध्ये त्यातून वीर्यस्खलनाचा त्रास उद्भवू शकतो.

कुठल्याही ऑपरेशनआधी रात्री कोरड्या त्वचेवर अॅल्युमिनियम क्लोराइड, पाण्यात हात ठेवून सौम्य वीजप्रवाह देणारं आयनटोफोरेसिस, काही महिने टिकणारं बोटॉक्स, गोळ्या, हे सगळं नेटाने करून पाहा. तरीही काम अडत असेल तर सर्जनना दोन प्रश्न विचारा: कितव्या बरगडीपाशी कापणार, आणि तुमच्या किती पेशंटना नंतर पाठीच्या घामाचा त्रास झाला?